'एसीतले चोचले' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, अन्नातले जीवाणू पीसीआरनं (डीएनएच्या प्रती काढून जीवाणू ओळखायची चाचणी) शोधायच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट रात्रीच वाचली होती, पण तेव्हाच लिहायला बसलो असतो तर तोंडातून भलतंच निघालं असतं. तुमचं म्हणणं असं की पीसीआर दोन तासात होतो हे खोटं, मशीन आपल्याकडे परवडत नाही, मेलेल्या जीवाणूचाही डीएनए त्यात सापडतो, आणि वरून "साल्मोनेला तो साल्मोनेला, स्ट्रेन शोधणं हे एसीत बसणाऱ्यांचे चोचले". (साल्मोनेला म्हणजे हगवण लावणारा जीवाणू, अन् स्ट्रेन म्हणजे त्याच जीवाणूचा एकेक वाण.)

पोस्टच्या हेडिंगमधले 'दोन तास' जरा भडक होते, चला मान्य. नमुना आधी ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवायचं पोषक पाणी) रात्रभर वाढवावा लागतो हे त्याच पोस्टमध्ये खाली लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचायचं कोणी? मशीनच्या खर्चावर पुढे कधीतरी लिहीन.

पण एसी? राजेहो, आमच्या घरी मे महिन्यात कूलरमध्ये पाणी टाकायच्या पाळ्या लागतात. बाबांचं दूध गोळा करायचं काम होतं. एका तेरवीच्या पंगतीतले लोक हगवणीनं आडवे झाले, मठ्ठ्याचं नाव निघालं, दूध आमचं. कॅनमध्ये साल्मोनेला सापडला म्हणे, मग काय, गिऱ्हाईक तुटलं, म्हशी विकल्या. पेशंटच्या पोटातला अन् कॅनमधला एकच होता का, हे काहून नाही विचारलं कोणी? साल्मोनेलाचे २५०० च्या वर सिरोटाइप (पोटप्रकार) आहेत अन् एकेका सिरोटाइपमध्ये पुन्हा कितीतरी स्ट्रेन. तुमच्यासारखेच होते तेव्हा सगळे, "साल्मोनेला तो साल्मोनेला".

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जीवाणूनं ५० च्या आसपास माणसं मेली. आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला, काकडीवर ई. कोलाय सापडला पण होता, तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. मग कळलं की पेशंटमधला स्ट्रेन ओ१०४:एच४, काकडीवरचा वेगळाच, अन् शेवटी माग निघाला मोड आलेल्या मेथीचा. ते शेतकरीच होते नं, की तेही एसीवाले? पूर्वी पीएफजीई नावाच्या पद्धतीत डीएनए कापून पट्ट्या जुळवायचे, त्यात दिवस जायचे अन् जवळचे स्ट्रेन सारखेच दिसायचे. आता अख्खा जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए वाचतात, साल्मोनेलाची जवळपास ४८ लाख अक्षरं, त्यात दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे ते थेट मोजता येतं. अन्नातून पसरणाऱ्या रोगांचा माग काढणाऱ्या अमेरिकेतल्या लॅबच्या जाळ्यानं, पल्सनेटनं, २०१९ पासून हीच मुख्य पद्धत केली.

मेलेल्या जीवाणूचं म्हणाल तर आधी वाढवून घेतात ते त्याच्यासाठीही, मेलेला वाढत नाही बाप्पा. यावर अजून भांडायचं असेल तर खुशाल या, फक्त स्वतःच्या नावानं या, वाघाचा फोटो लावलेल्या आयडीवरून नको.