१९३९ चा रुपया: वजन आणि चुंबकावर थांबू नका

जुना चांदीचा रुपया अस्सल आहे का हे ओळखण्यासाठी एका लेखात वजन आणि चुंबक एवढ्याच कसोट्या दिल्या आहेत. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या दुर्मीळ रुपयाला त्या पुरत नाहीत. १९३८ च्या अस्सल नाण्यावर ८ चा ९ केला, तर वजन ११.६६ ग्रॅमच भरतं आणि चांदीही ९१.७ टक्केच असते. फसवणूक फक्त त्या एका आकड्यात असते. १० ते २० पट भिंगाखाली, उजेड एका बाजूने तिरपा पाडून बघा. ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढलेली असते, तिथे पृष्ठभाग किंचित खोल जातो, बारीक ओरखडे राहतात आणि चमक आजूबाजूशी जुळत नाही. आकडा चिकटवलेला असेल तर त्याच्याभोवती रेघ दिसते. अ‍ॅसिटोन या द्रावकात ठेवल्यास चिकटवण्याचे बरेचसे पदार्थ सुटतात.

फसवणुकीसाठी १९४० पासूनचं नाणं वापरलं असेल तर काम सोपं. त्यात चांदी ५० टक्केच, आणि कडेच्या दात्यांमधून खोबणी फिरते. दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करा: १९३९ च्या अस्सल नाण्याच्या वजनातली घट सुमारे १.१३ ग्रॅम, याची सुमारे १.२२. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा आणि नाण्याला बुडबुडा चिकटलेला नको, नाहीतर आकडा फसवा येतो.