काठाला मेण, डोक्याला ताप

चहा सांगायला टपरीपर्यंत गेलो, एवढंच. परत येतो तर माझ्याकडे चामड्याचा बेल्ट करायला टाकलेले मामा माझ्या पाटावर मांडी घालून बसलेले. एका हातात त्यांचा अर्धवट बेल्ट, दुसऱ्या हातात पिशवीतून काढलेली मेणबत्ती, चेहऱ्यावर परोपकार.

"काठाला मेणच लावायचं होतं की. लावून टाकलं. तुझं काम वाचवलं बे."

बेल्टला अजून रंग लागायचा होता.

मेण सगळ्यात शेवटी. काठ म्हणजे कापलेल्या तंतूंची उघडी टोकं, रंग मुरतो तो तिथूनच. त्या वाटा मेणानं बुजवल्या की रंग वरच्यावर ओघळतो आणि काठ खारीच्या पाठीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

"मग आता?"

"आता खरवडायचं, मामा."

"पण मेण लावायचंच होतं ना?"

हा प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला, दर वेळी नव्यानं.

खरं काम असं: रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, काठ सरळ करायचा, दोन्ही अंगांचे कोन उतरवायचे, मग पॉलिश पेपर 120, 240, 400, 600, खरखरीतपासून बारीकपर्यंत, याच क्रमानं. 42 इंची पट्ट्याचे दोन काठ 84 इंच. चार पेपरांची एकेक फेरी धरली तरी 28 फूट होतात, आणि एका फेरीत काही होत नाही. मग रंग. तो वाळला की काठावरून ओलं बोट फिरवायचं. ओलसर हवं, चिंब नको. चिंब काठ फुगतो आणि घोटताना अळंबीसारखा दोन्हीकडे पसरतो. खाचेच्या लाकडी घोटणीनं हलक्या दाबानं, पण भराभर घोटायचं. घासून ऊब आली की तंतू आडवे पडून एकमेकांना धरतात. चमक तिथेच येते; मेण फक्त ती राखतं. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून काठावर एकदाच ओढायचं आणि जाड कॅनव्हासनं गरम होईपर्यंत घासायचं. जास्त थापलं तर पांढरट थर धरतो, त्यावर धूळ बसते आणि उरलेलं शर्टाला लागतं.

मामांनी एवढं ऐकून पिशवीतून टॉवेल काढला. "घासायचंय तर ह्यानं घास. सोलापुरी आहे."

सोलापुरी टॉवेलबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण अंग पुसायला. त्याचे फासे मेणात अडकतात आणि काठाला लव फुटते. जुन्या जीन्सचा पाय चालतो.

"स्टेशनसमोर 200 रुपयांत बेल्ट मिळतो. काठ आरशागत. तुझा का नाही चमकत?"

तो काठ घोटलेला नसतो, रंगाचा जाड थर चढवलेला असतो. बकलापाशी दुमडून दुमडून आधी तोच तडकतो. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं घोटून दबत नाही, तंतू परत उभे राहतात, म्हणून त्याला रंगच फासावा लागतो. कापलेल्या काठात निळसर राखाडी रेघ दिसली की समजायचं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं घोटून घेतं. कोल्हापुरी चपलेचं असतं तसं.

"म्हणजे कोल्हापूरचं."

"2019 मध्ये त्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सोलापूर जिल्हाही आहे, मामा."

"मग सोलापुरी का म्हणत नाहीत?"

आता मी काय सांगू? माझा एक काठ खरवडायचा राहिला होता.

मेण लागलेल्या काठावर थेट पेपर फिरवला तर पेपर तुंबतो आणि घासल्याच्या उबेनं मेण आणखी आत जातं. म्हणून आधी रापीच्या धारेनं थंडपणे खरवडायचं, मग कोरा 120 चा पेपर, आणि तो सारखा बदलत राहायचा. रुंदी अर्धा मिलिमीटर गेली. पाऊण तास गेला. या पाऊण तासाचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाईक बकल वाजवून बघतं, काठाला कुणी हात लावत नाही. तोच काठ बिघडला तर मात्र सगळ्या पेठेला दिसतो.

मामांनी पैसे मोजले, दोन भोकं फुकट पाडून घेतली, पायरी उतरले आणि परत वळले.

"माझी मेणबत्ती दे की. लाइट गेल्यावर लागती."