अपोलोनियस खरं बोलला, पण लिशियस मेला

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. इंग्रज कवी कीट्सच्या ‘लॅमिया’ या कथाकाव्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा : नवरी लॅमिया जर बाईचं रूप घेतलेली नागीणच असेल, तर भर मांडवात तिचं बिंग फोडणारा गुरू अपोलोनियस हाच नवरदेव लिशियसचा खरा हितचिंतक, त्याला खलनायक ठरवणारा कीट्स विज्ञानाचा वैरी.

ती नागीण होती, यात वादच नाही. कीट्स ते लपवतही नाही. कवितेच्या सुरुवातीलाच ती क्रीटच्या रानात वेटोळं घालून पडलेली दिसते. पण मूळ गोष्ट बघा. कीट्सने ती इंग्रज लेखक रॉबर्ट बर्टनच्या ग्रंथातून घेतली, बर्टनने प्राचीन ग्रीक लेखक फिलोस्ट्रॅटसकडून. फिलोस्ट्रॅटसकडे ती कबूलच करते की, या तरुणाला खाऊन टाकायचा तिचा बेत होता. म्हणजे तिथे गुरू खरोखर जीव वाचवतो. बर्टनकडे ती घरादारासकट नाहीशी होते आणि विषय संपतो. तरुण मेल्याचा उल्लेख नाही. कीट्सने खाण्याचा बेत गाळला आणि लिशियसला त्याच रात्री मारलं. निदान अचूक, पण रोगी दगावला! लंडनच्या गाइज हॉस्पिटलात शिकून १८१६ साली औषधोपचाराचा परवाना मिळवलेल्या माणसाने हा बदल केला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि अपोलोनियस येतो कसा, तेही बघा. आमंत्रण नसताना येतो, हसत येतो. डोक्यात अडकून बसलेलं एखादं कोडं सुटू लागल्यासारखा. मग नवरीवर नजर रोखतो ती हलवतच नाही. शिष्य गयावया करतो, तर त्याला तुच्छतेने ‘मूर्ख’ म्हणतो. माझा राग या नजरेवर आहे, ज्ञानावर नाही. (दोष एकट्या गुरूचाही नाही. लॅमिया रडून विनवत असताना थाटामाटाच्या लग्नाचा हट्ट लिशियसनेच धरला होता.)

इंद्रधनुष्य उसवणाऱ्या ‘थंड तत्त्वज्ञाना’च्या (तेव्हा विज्ञानालाही तत्त्वज्ञानच म्हणत) याच कवितेतल्या ओळी तुम्ही पुरावा म्हणून दिल्यात. डिसेंबर १८१७ मध्ये चित्रकार हेडनच्या घरच्या जेवणात निबंधकार लॅम आणि कीट्स यांनी न्यूटनने इंद्रधनुष्यातलं काव्य घालवलं, असं म्हटलं होतं, हेही खरं. पण १८१६ च्या ऑक्टोबरात चॅपमनने इंग्रजीत आणलेला होमर वाचल्याचा आनंद सांगायला याच कीट्सला नवा ग्रह दिसलेला आकाशनिरीक्षक आठवला होता. वैऱ्याला अशी उपमा सुचेल, हे मला पटत नाही.

एक विनंती. दुसऱ्या भागातला मेजवानीचा प्रसंग फिलोस्ट्रॅटसशेजारी ठेवून वाचा. लिशियसचा मृत्यू कशासाठी घातला असेल, याचं तुमचं उत्तर मला ऐकायचं आहे.