पॅरिसच्या शून्यावरून मांडलेला चुकीचा हिशेब

पॅरिस ऑलिम्पिक संपल्यापासून पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा : ‘२०१२, २०१६, टोकियो अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनचं पदक आलं, २०२४ ला शून्य. सायना गेली, सिंधू उतरणीला लागली, मागे कोणी नाही. उरलेले पहिल्याच फेरीत हरतात. जे काही आहे ते हैदराबादला. पुण्यातल्या मुलांनी यात वर्षं घालवू नयेत.’ मेसेजमधला एकेक दावा तपासून बघू. एका जागी त्यात तथ्य आहे, तेही सांगतो.

‘पॅरिसमध्ये शून्य, म्हणजे घसरण.’

शून्य खरं आहे. पण ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा येतं, आणि तिथल्या दोन-तीन सामन्यांवरून सगळ्या खेळाचा निकाल लावता येत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बघा. २०११ ला ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी ब्राँझ आणलं, तेव्हापासून २०२५ पर्यंत अकरा वेळा ही स्पर्धा झाली आणि भारत एकदाही रिकाम्या हाताने परतला नाही. ही पदकं दहा वेगवेगळ्या खेळाडूंनी मिळवली आहेत. त्यात सिंधू आणि सायना आहेत, तसेच साई प्रणीत, श्रीकांत, लक्ष्य सेन, प्रणॉय आणि पुरुष दुहेरीतले सात्विक-चिराग आहेत. मधल्या काळात २०२२ च्या मे महिन्यात बँकॉकला इंडोनेशियाला ३-० ने हरवून थॉमस कप, म्हणजे पुरुषांचं सांघिक जगज्जेतेपद, आला. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत सात्विक-चिरागने सुवर्ण जिंकलं आणि ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोचली.

आता पॅरिसचे पराभव जवळून बघू. उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेलसनविरुद्ध लक्ष्य पहिल्या गेममध्ये २०-१७ ने पुढे होता. हातात तीन गेम पॉइंट, म्हणजे गेम जिंकायच्या तीन संधी. तिथून सलग पाच गुण गेले आणि गेम २०-२२ असा गेला. दुसऱ्या गेममध्ये तो ७-० ने पुढे होता, तो १४-२१ हरला. ब्राँझच्या सामन्यात ली झी जियाविरुद्ध पहिला गेम २१-१३ जिंकला आणि पुढचे दोन गेले. सात्विक-चिरागनेही उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया-सो वूई यिक जोडीविरुद्ध पहिला गेम २१-१३ असाच घेतला होता, पुढचे दोन १४-२१, १६-२१ गेले. म्हणजे तिन्ही सामन्यांत आघाडी आपली होती. ज्याच्या अंगात खेळच नाही तो अ‍ॅक्सेलसनविरुद्ध २०-१७ पर्यंत जात नाही. अडचण सामना मिटवण्याची होती. ती वेगळी अडचण आहे आणि तिच्यावर काम करता येतं.

केलं की काय होतं तेही दिसलं. २०२५ ची जागतिक स्पर्धा पॅरिसच्या त्याच हॉलमध्ये झाली. उपांत्यपूर्व फेरी तीच, समोर जोडीही तीच. सात्विक-चिरागने ती २१-१२, २१-१९ अशी हरवली आणि ब्राँझ घेतलं.

क्लबच्या पातळीवर सामना मिटवणं असं शिकवता येतं. पुढे असलेला मुलगा दोनपैकी एक चूक करतो : रॅली संपवायची घाई करतो, किंवा शटल फक्त आत ठेवायला लागतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण आखडत्या हाताने मारलेली लिफ्ट (खालून उचलून मागे मारलेला उंच फटका) अर्धा मीटर आखूड पडते आणि समोरच्याला आयता स्मॅश मिळतो. उपाय म्हणून सरावाच्या शेवटी, पाय दमल्यावर, १९-१६ पासून सुरू होणारे छोटे गेम खेळवा. सहा ते आठ गेम पुरेत. पुढे असलेल्याने गेम घालवला तर बाजू बदलून पुन्हा. सुरुवातीला, ताज्या पायांनी, हाच सराव घेतला तर फारसं काही हाती लागत नाही.

‘मागे कोणी नाही.’

२०२५ च्या जूनमध्ये वीस वर्षांच्या आयुष शेट्टीने यूएस ओपन जिंकली. नोव्हेंबरमध्ये लक्ष्यने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. ऑक्टोबरमध्ये गुवाहाटीच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत तन्वी शर्माने मुलींच्या एकेरीत रौप्य मिळवलं आणि मिश्र सांघिक गटात भारताला पहिल्यांदाच पदक, ब्राँझ, मिळालं. ती स्पर्धा २१ ऐवजी १५ गुणांच्या गेमची होती. पहिले चार-पाच गुण ढिलाईत गेले तर सावरायला जागाच नाही, अशा पद्धतीत तन्वी फायनलला गेली. २०२४ ला आशियाई सांघिक स्पर्धेत महिलांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा थायलंडविरुद्ध २-२ अशा बरोबरीनंतरचा शेवटचा सामना सतरा वर्षांच्या अनमोल खरबने जिंकून दिला होता.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते इथे. सिंधूचा जन्म १९९५ चा. उन्नती हुड्डा, अनमोल, तन्वी या २००७-०८ च्या. मधल्या बारा वर्षांत महिला एकेरीत वरच्या दहांत टिकून राहिलेली दुसरी खेळाडू घडली नाही, हे कबूल करायला हवं. नागपूरच्या मालविका बनसोडने २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायनाला हरवलं होतं, पण एकटी मालविका ती पोकळी भरू शकत नाही. म्हणून आमचा अंदाज असा : २०२८ च्या लॉस एंजेलिसला पहिली आशा पुरुष दुहेरीची. सात्विक तेव्हा २७ चा असेल, चिराग ३१ चा. दुहेरीत हे वय चालतं, खांदे आणि पाठ साथ देत असतील तर. त्यानंतर पुरुष एकेरी. महिला एकेरीचं खरं उत्तर २०३२ ला मिळेल. मिश्र दुहेरीत ध्रुव कपिला-तनिषा क्रास्टो २०२५ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, तीही बाजू अगदी रिकामी नाही.

‘पहिल्या फेरीत हरतात.’

हा दावा करणाऱ्याने ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, वाचलेला नाही. सुपर १००० या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत एकेरीचा ड्रॉ फक्त ३२ जणांचा, त्यात आठ सीडेड (मानांकित). सीडिंग नसलेल्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी कोरियाची ऑलिम्पिक विजेती आन से-यंग येऊ शकते. शिवाय क्रमवारी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा निकालांवर ठरते. सुपर १००० ला पहिल्या फेरीत हरूनही ३००० गुण मिळतात, आणि इंटरनॅशनल चॅलेंज ही खालच्या दर्जाची स्पर्धा अख्खी जिंकून ४०००. त्यामुळे वरच्या स्पर्धेत हरत राहणं हा अनेकदा जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. फॉर्म बघायचा असेल तर हरताना स्कोअर काय होता आणि तिसरा गेम झाला का, ते बघा.

‘सगळं हैदराबादला.’

हैदराबाद म्हणजे गोपीचंद अकादमी. पण लक्ष्य आणि आयुष बेंगळुरूत घडले. तन्वी मूळची होशियारपूरची, ती गुवाहाटीच्या राष्ट्रीय केंद्रात सराव करते. उन्नती रोहतकची. चिरागचा पाया मुंबईत उदय पवारांकडे पक्का झाला, हैदराबाद नंतर आलं.

‘पुण्यातल्या मुलांनी वेळ घालवू नये.’

या खेळाचे सुरुवातीचे नियम ज्या गावाच्या नावाने ओळखले गेले, ते हे गाव. २००८ ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा बालेवाडीत झाली आणि सायना तिथेच जगज्जेती ठरली. निखिल कानेटकर इथूनच २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला गेले. पण जुन्या पुण्याईवर मुलं घडत नाहीत. सध्या इथे जे चुकतं ते फार साध्या गोष्टींत चुकतं, आणि त्यातली पहिली म्हणजे शटल.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून तेच शटल मुंबईपेक्षा इथे लांब जातं. डब्यावरचा नंबर शटलचा वेग सांगतो, आकडा लहान तितकं शटल मंद. मुंबईत ७७ नंबर बरोबर पडत असेल तर पुण्यात बहुधा ७६ लागतं. तरीही बरेच क्लब वर्षभर मिळेल तो डबा उघडतात. परिणाम असा की मुलाचा टॉस (डोक्यावरून मागे मारलेला उंच फटका) अर्ध्या स्विंगमध्येच मागच्या रेषेपर्यंत पोचतो, मनगट पूर्ण फिरवायची सवय लागतच नाही. मग तोच मुलगा मुंबईला किंवा गुवाहाटीला राष्ट्रीय स्पर्धा खेळायला जातो आणि त्याच्या लिफ्ट मध्यावर पडायला लागतात. घरचे म्हणतात, बाहेर गेला की दडपण घेतो. खरं कारण डब्यावरच्या नंबरात असतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर शटल मारा. ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर आत पडलं पाहिजे. मोजपट्टी नसली तरी चालेल : दुहेरीची लांब सर्व्हिसची रेषा त्या रेषेपासून ७६ सेंटीमीटरवर असते, शटल तिच्या आसपास पडायला हवं. मुलगा लहान असेल तर फटका प्रशिक्षकाने मारावा. पिसांची टोकं बाहेर मोडून शटल मंद करतात ते तात्पुरतं चालतं, पण त्याने शटल डगमगतं आणि नेटजवळचा ड्रॉप शिकता येत नाही. फेदर, म्हणजे पिसांची शटल, आज इतकी महाग झाली आहे की चुकीच्या नंबरचा डबा हे दुहेरी नुकसान आहे.

दुसरी गोष्ट दुहेरीची. इथे तेरा-पंधरा वर्षांखालच्या जोड्या बऱ्याचदा एन्ट्री भरायच्या दिवशी ठरतात आणि पुढच्या स्पर्धेला बदलतात. लिफ्ट दिल्यावर दोघांनी बाजू-बाजूला यायचं, आक्रमण मिळालं की एकाने नेटवर आणि दुसऱ्याने मागे जायचं, एवढी अदलाबदल अंगात भिनायलाही एक अख्खा हंगाम लागतो. मधोमध आलेलं शटल कोणाचं, यावर जोडी फुटते. ते आधीच ठरवून ठेवा : बाजू-बाजूला असताना ज्याचा फोरहँड मध्याकडे असेल त्याने घ्यायचं, आणि हे ओरडून सांगायचं. जोडी किमान वर्षभर बदलू नका, हरली तरी.