सर्वानुमते

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नव्या सेक्रेटरीला एक जुना ठराव हवा होता, म्हणून इतिवृत्ताची वही काढली. सहा वर्षं ती माझ्याकडे होती. चाळता चाळता जाणवलं, जवळजवळ प्रत्येक ठरावाच्या शेवटी माझ्याच अक्षरात एकच शब्द आहे: सर्वानुमते. पंखे बदलायचे, सर्वानुमते. कंपाउंडची भिंत, सर्वानुमते. नाताळच्या प्रीतिभोजनाला मटण की चिकन, सर्वानुमते. (ह्या शेवटच्यावर पाऊण तास जुंपली होती. मटणाच्या दरावरून जिथं आंदोलन होतं त्या कोल्हापुरात दुसरं काय होणार!)

आमच्याकडं सर्वानुमते म्हणजे काय, तर ज्यांना पटलेलं नसतं ते सभेत गप्प बसतात आणि गेटबाहेर गाडीला किक मारता मारता बोलतात. खरी सभा तिथं होते. तिचं इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

मंडळीतल्या एकीबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, पण ‘आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत’ छापाचं नको होतं. ते वाक्य मी संडे स्कूलपासून ऐकतोय. लाकडाच्या मोळीची गोष्टही. मोळीतली लाकडं वाळलेली असतात आणि वर दोरीनं आवळलेली, हे मात्र कुठल्या शिक्षकानं सांगितलं नाही.

माझी गोष्ट पेल्याची आहे.

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन झालं. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून आधीच एक झालेलं युनायटेड चर्च; मेथडिस्टांचा एक गट; बाप्टिस्ट; ब्रेदरन; डिसायपल्स. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी स्वतःच्या विश्वासानं घ्यायचा, ह्यावर युरोपात माणसांना बुडवून मारलेलं आहे. इथं दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या. कुणी कुणाचं मत बदललं नाही, तरी एक झाले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्या पोरांना मात्र ती कोणी सांगत नाही, त्यांना फक्त सीएनआय ही तीन अक्षरं माहीत असतात.

आणि कोल्हापूरचं म्हणाल तर आपली सुरुवातच मतभेदातनं झाली. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर इथं आले. पुढं ज्या संस्थेनं त्यांना पाठवलं तिच्याशीच त्यांचं बिनसलं, मग बरीच वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम ओढलं, आणि १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्यामुळं ‘पूर्वी किती एकी होती’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

तर आमच्या मंडळीत काही घरं जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाची आहेत, काही अँग्लिकन. एकाच्या लहानपणी प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) छोटे छोटे पेले, दुसऱ्याच्या लहानपणी एकच मोठा पेला, सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. आमच्यात वर्षानुवर्षं मोठा पेलाच चालत आला. मग २०२० चा मार्च आला, चर्चला कुलूप लागलं, आणि उघडलं तेव्हा छोटे पेले आले होते. कोणी तक्रार केली नाही, करायची वेळही नव्हती. पण २०२२ मध्ये मास्क गेले तरी छोटे पेले राहिले, आणि काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, आता आमचा पेला परत द्या.

सभा झाली. दोन्ही बाजूंनी शास्त्र काढलं. एकीकडून ‘भाकर एक, शरीर एक’, दुसरीकडून ‘देह हे देवाचं मंदिर’. प्रेषित पौलानं दोन्ही वाक्यं करिंथ शहरातल्याच मंडळीला लिहिलीत. एकाच पत्रातले दोन दगड उचलून आम्ही एकमेकांना मारत होतो. शेवटी अध्यक्षांनी त्याच पत्राचा पहिला अध्याय उघडला: फुटी पडू देऊ नका, एकचित्तानं व एकमतानं जोडलेले व्हा. त्या वचनावर सभा गार. कोण बोलणार त्याच्यापुढं? मी लिहिलं, छोटे पेले चालू ठेवावेत, सर्वानुमते.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी तीन घरं प्रभुभोजनाला उठलीच नाहीत. चर्चला आली, गीतं म्हटली, दान टाकलं, आणि रांग लागली तेव्हा बाकावर बसून राहिली.

त्यातल्या एक मावशी कसबा बावड्यात राहतात. वय ऐंशीच्या पुढं. मी गेलो ते समजूत काढायला, खरं सांगायचं तर ऐकायला गेलोच नव्हतो. जंतू, डॉक्टर, काळ बदललाय, सगळी तयारी करून गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या,

“आमच्या गावात पाणी वरनं वतायचे बाबा. ओंजळ धरायची. चुकून भांड्याला हात लागला तर ते जाळात घालून मग घरात न्यायचे. माझं दृढीकरण झालं, म्हंजे पेला घ्यायची परवानगी मिळाली, तवा सोळा वर्षांची होते. पेला फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझ्या आधी शाळेच्या हेडबाईंनी तोंड लावलेलं, त्या बामणाच्या घरातनं आलेल्या. माझ्यानंतर पाळकांच्या घरच्या. पाळकसाहेब फडक्यानं कड पुसायचे, पण ती सगळ्यांचीच पुसायचे. तवा मला कळलं हे काय हाय ते. आता तुम्ही म्हणताय ज्याचं त्याचं भांडं येगळं. मला ते परत तसंच दिसतंय बघ.”

मी चहा पीत बसलो. दुसरं काही सुचलं नाही.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून ज्यांना मारहाण झाली त्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावलं, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. ही गोष्ट आपण दरवर्षी शाहू जयंतीला सांगतो. त्या चहात काय होतं ते आपल्याला बरोबर समजतं. आपल्याच वेदीवरच्या पेल्यात कुणासाठी तेच आहे, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. सभेत मावशी का बोलल्या नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, “तिथं वचनं चाललेली. माझं वचन न्हवतं, माझी गोष्ट होती.”

आता दुसरी बाजू. छोट्या पेल्यांसाठी सगळ्यात जोरात बोलणारी एक नर्सताई आहे. कोविड वॉर्डात काम केलेली. आम्ही म्हणत होतो, हिला सगळीकडं जंतूच दिसतात. बावड्याहून आल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिच्याकडंही गेलो. तिच्या नवऱ्याची किडनी बदललेली आहे. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली. साधा सर्दीचा संसर्ग त्याला दवाखान्यात नेऊ शकतो. मंडळीत फक्त ‘तब्येत बरी नसते’ एवढंच माहीत होतं. का सांगितलं नाही, विचारलं. “सांगितलं की नाव प्रार्थनेच्या यादीत येतं, आणि मग भाजी मंडईत पण माणसं किडनीचं विचारतात.” खरं आहे. आपल्याकडं प्रार्थनेची विनंती आणि बातमी ह्यांत फार अंतर नसतं.

(दोघींना विचारून लिहितोय. नावं नकोत म्हणाल्या.)

म्हणजे मोठ्या पेल्याची बाजू परंपरेची नव्हती आणि छोट्या पेल्याची बाजू भीतीची नव्हती. आम्ही सहा महिने भांडलो ते भलत्याच दोन गोष्टींवर. मला आता वाटतं, मंडळीतली बरीच भांडणं अशीच असतात. समोरच्याचं मत आपल्याला पाठ असतं, त्याचं कारण माहीत नसतं. एकमत पुढची गोष्ट. त्याचं कारण त्याला पटेल अशा शब्दांत मला सांगता येतं का? येत नसेल तर मी अजून त्याच्याशी असहमतही झालेलो नाही, नुसता त्याच्यावर चिडलेलो आहे.

ह्या जेवणावरून मोठमोठे लोक फुटलेत. ऑक्टोबर १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं. राहिला प्रभुभोजनाचा. ल्यूथरनी म्हणे टेबलावर खडूनं ‘हे माझे शरीर आहे’ लिहून ठेवलं होतं आणि तिथून ते हलेनात. झ्विंग्लीला भाऊ म्हणायलाही ते तयार झाले नाहीत. दोघांच्या मागून आलेल्या युरोपातल्या बहुतेक चर्चेसनी अखेर एकमेकांना वेदीपाशी मोकळेपणानं घेतलं ते १९७३ च्या लॉयनबेर्ग करारानं. चारशे चव्वेचाळीस वर्षं. त्या हिशोबानं आमचे सहा महिने म्हणजे काहीच नाही, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, ते दोघं एकमेकांच्या घरी चहाला गेले असते तर?

अध्यक्षांनी आम्हाला गप्प करायला वापरलेलं ते वचनही मी नंतर नीट वाचलं. त्यातला ‘जोडलेले’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये तोच आहे, जो मार्कच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते तिथं येतो. फाटलेलं जाळं सांधायचं म्हणजे गाठी आल्या, आणि कुठं फाटलंय ते आधी हात फिरवून बघणं आलं. घडी घालून ठेवलेलं जाळं बाहेरून कसं, एकदम नीट दिसतं.

मला त्याहून आवडतो तो बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकातला सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ‘एकी राखा’ म्हणून उपदेश केला नाही. सात माणसं नेमायला सांगितली. त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हातात बहुसंख्यांनी पळी दिली. आपल्या कमिट्यांत असं झालेलं मी तरी बघितलेलं नाही. तक्रार करणाऱ्याला आपण पुढच्या निवडणुकीत बघून घेतो.

इथं कोणीतरी २०१९ चा पूर काढणार, मला माहीत आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात. तेव्हा आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सगळे गट एकत्र चपात्या लाटत होते. छानच दिवस होते ते, पण मी त्याला एकीचा पुरावा मानत नाही. पुरात काय करायचं ते पाणीच ठरवतं. शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या फुटबॉल टीमला शिव्या घालणाऱ्या पेठासुद्धा पुरात एका बोटीत असतात. पाणी ओसरल्यावर गॅलरीत पुन्हा ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि आमच्याही चर्चमध्ये बाकं ठरलेली.

पुन्हा सभा घेतली. पाळकसाहेबांना एकच विनंती केली होती: विरोधात बोलायच्या आधी समोरच्याचं कारण सांगायचं, आणि तो ‘हां, असंच’ म्हणाला की मगच आपलं बोलायचं. पहिला अर्धा तास फजिती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा ते चिडून बाहेर गेले आणि पाणी पिऊन परत आले. मावशींनी गोष्ट सांगितली. ताईंनी सांगितली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. तेच सर्वानुमते बदललेले पंखे.

मग आमच्यातल्या एका इंजिनिअरनं तोडगा काढला. चांगला माणूस, डोकं तल्लख. म्हणाला, एक मोठी झारी करून घेऊ. द्राक्षारस एकाच भांड्यातला, म्हणजे एकपणाही राहिला, आणि सगळ्यांसमोर ती झारी वरून प्रत्येकाच्या छोट्या पेल्यात ओतायची. लोक माना डोलवायला लागले. माझा पेन ‘सर्वा’पर्यंत गेलासुद्धा.

नर्सताई उभी राहिली. म्हणाली, “नको. वरून ओतायचं नको.”

एवढंच. मावशींनी तिच्याकडं बघितलं. इंजिनिअरला दोन सेकंद लागले, मग तो मटकन खाली बसला.

शेवटी ठरलं ते अगदी साधं. टेबल एक, रांग एक. छोटे पेले हवे त्यांनी ते घ्यावेत, मोठा पेला हवा त्यांनी तो घ्यावा, आणि कोण काय घेतंय हे मागं वळून बघायचं नाही. (बघतात. मीही बघतो.) ताईचा नवरा रांगेत मावशींच्या पुढं असतो कधी कधी. मी वहीत लिहिलं: अकरा बाजूनं, चार विरोधात, आणि चौघांची कारणं एकेका ओळीत. अध्यक्ष म्हणाले, हे बाहेर गेलं तर बरं दिसणार नाही. मी खोडलं नाही. ते चौघं अजून विरोधातच आहेत आणि दर पहिल्या रविवारी रांगेत असतात.

येत्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा सभा आहे. विषय, कीबोर्ड आणि ड्रमचा आवाज. मी हार्मोनियम-तबल्याच्या बाजूचा, आधीच सांगून ठेवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगाला ड्रम वाजला की मला दात दुखल्यासारखं होतं. ड्रम वाजवणारा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, आणि तो इतक्या जोरात का वाजवतो ते मला अजिबात माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी त्याला घरी चहाला बोलावलंय. येतो म्हणालाय.