कॅमेरा घेताय? आधी भिंत शोधा

छंद म्हणून फोटोग्राफी करायची असेल तर फोटो काढायची घाई करू नका. घाई केली की फोटो निघतात, निघाले की लोकांना दाखवावे लागतात, आणि तिथून पुढे सगळा त्रास. त्यापेक्षा निदान तीन महिने नुसता कॅमेरा निवडत राहावं. या छंदातला सर्वांत निर्भेळ आनंद याच काळात असतो, कारण अजून आपल्या हातून एकही वाईट फोटो निघालेला नसतो.

सुरुवात मेगापिक्सेलपासून करावी. 24 मेगापिक्सेल ऐकून नाक मुरडता आलं पाहिजे. एखादा दुकानदार सांगेल की 12 चे 24 केले तरी प्रिंट रुंदीला जेमतेम 1.4 पट होते, दुप्पट हवी तर पिक्सेल चौपट लागतात. असला दुकानदार ताबडतोब बदलावा. मुंबईत बोरा बाजारात पर्यायांना तोटा नाही. तुम्ही 45 मेगापिक्सेलचाच घ्या. एकेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, फाइल 50 एमबीच्या आसपास जाईल, म्हणजे पाठोपाठ नवा लॅपटॉप आला, दोन हार्ड डिस्क आल्या. घरात कशी भरभराट होते बघा. मग तो फोटो इन्स्टाग्रामवर टाका. इन्स्टाग्राम तो 1080 पिक्सेल रुंदीचा करून घेतं, म्हणजे उभा फोटो झाला दीड मेगापिक्सेलचा. दर 30 पिक्सेलमधले 29 वाटेतच गळाले. पण ते होते, हे तुम्हाला ठाऊक असतं ना!

1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे मेगापिक्सेल भरत 0.01, वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. इतक्या वेळात माणसाला पुढच्या फोटोचा विचार सुचू शकतो. आपल्या कॅमेऱ्यात तो धोका ठेवलेला नाही.

मेगापिक्सेलनंतर फुल फ्रेम. म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. माप जुन्या 35 एमएम फिल्मच्या निगेटिव्हचं. त्याहून लहान सेन्सरवाल्यांकडे दयेनं पाहायला शिका, आणि दया चेहऱ्यावर दिसू द्या. माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक-थ्री पडलेला असेल तर तो मात्र चुकूनही खाली काढू नका. त्यात 120 चा रोल जायचा आणि निगेटिव्ह निघायची 6 बाय 6 सेंटिमीटरची, क्षेत्रफळात तुमच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटीहून मोठी. आजोबांना हे कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे ते आपले एका रोलमध्ये 12 फोटो काढत राहिले, त्यातले अकरा माणसांचे.

कंपनी कोणती घ्यावी? जी मित्राकडे नाही ती. एकाच कंपनीचा घेतला तर एकमेकांच्या लेन्स वापरता येतात, मग पुढची दहा वर्षं चहाच्या टपरीवर बोलणार कशावर? आणि जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, असेल तर तो आधी विकायला काढा. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही 2018 मध्ये फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांसाठी लेन्स बसवायचे नवे माउंट आणले. त्यांच्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर चालतात आणि चांगल्या चालतात, ही बातमी घरी पोचू देऊ नका.

आता लेन्स. 50 एमएम एफ 1.8 ही स्वस्त आणि हलकी असते म्हणून कुणीतरी ती गळ्यात मारेल. सावध राहा. तिला झूम नाही. फोटोसाठी माणसाच्या जवळ चालत जावं लागतं, आणि जवळ गेलं की माणूस बोलतो. घ्यायचीच तर एफ 1.4 घ्या. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. प्रकाश दीडपटीहून थोडा जास्त येतो, पैसे कितीतरी पट जातात, आणि जवळून पूर्ण उघडी वापरलीत तर समोरच्याचा एक डोळा लख्ख दिसतो, दुसरा लोणावळ्याच्या धुक्यात. या धूसरपणाला चूक म्हणायचं नाही, बोके म्हणायचं.

लेन्स घरी आली की पहिला फोटो भिंतीचा. भिंत विटांची हवी, सांधे दिसले पाहिजेत. पुणेकरांची सोय पेशव्यांनीच करून ठेवली आहे, शनिवारवाड्याच्या तटाचा वरचा भाग विटांचा आहे. ट्रायपॉड लावा, टायमर लावा, पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून, म्हणजे लेन्सच्या तोंडापासून, एफ 16 पर्यंत एकेक फोटो घ्या. घरी येऊन 200 टक्के मोठा करून चारही कोपरे तपासा. डावीकडचा खालचा कोपरा किंचित मऊ निघेल. निघतोच. लेन्स परत करा, दुसरी मागवा, पुन्हा वाड्यावर. तिसऱ्या फेरीपर्यंत तिथला पहारेकरी तुम्हाला पुरातत्त्व खात्याचा माणूस समजून सलाम करू लागेल. तुमच्या पाठीमागे एखादी आजी नातवाला दिल्ली दरवाज्याचे खिळे दाखवत असेल, ते हत्तींसाठी का ठोकले ते समजावत असेल, आणि नातू एका खिळ्याला बोट लावून बघत असेल. वळू नका. ट्रायपॉड हलतो.

मोड नेहमी मॅन्युअलच ठेवायचा. डायलवरच्या हिरव्या ऑटोकडे कुलीन माणूस बघत नाही. भाच्याच्या वाढदिवसाला शटर, ॲपर्चर आणि आयएसओ या तिघांचं आपापसात जमेपर्यंत मेणबत्ती विझलेली असते. अजिबात न लाजता सांगावं, "परत पेटवा." तिसऱ्यांदा पेटवल्यावर भाचा भोकाड पसरेल, तो फोटो चांगला येतो. हळदीच्या कार्यक्रमात निराळाच पेच. तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवलात तर पिवळेपणा ही काहीतरी गफलत आहे असं समजून कॅमेरा नवरीची हळद परस्पर उतरवायला निघतो. फोटो रॉमध्ये काढला असेल तर लॅपटॉपवर ती पुन्हा लावता येते. ती उष्टी धरायची का, हे वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावं.

दसऱ्याला घेतलेल्या कॅमेऱ्याला थंडीत पक्ष्यांचं भिगवण दाखवलंच पाहिजे, नाहीतर तो नाराज होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, उजाडता उजाडता कुंभारगावला उजनीच्या पाण्यात होडी घालायची. होडीत तुम्ही सहा जण, सहा जणांकडे 600 एमएमपर्यंत जाणारी लेन्स, आणि सहा जणांचा मिळून एक ऑस्प्रे. शेजारच्याकडे क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सर असेल तर तो 600 ला दीडनं गुणून 900 सांगेल. त्या वेळी तुमची दया तुमच्या उपयोगी पडणार नाही, गप्प बसा. होडीवाला मासेमारी करणाऱ्या घरातला, पण पक्ष्यांची इंग्रजी नावं तुमच्याहून चोख म्हणतो. कोणता पक्षी कुठल्या बाजूनं उठणार हेही त्याला आधी कळतं. "साहेब, आता उडंल," असं तो म्हणेल. त्या क्षणी तुम्ही पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघत असायला हवं.

मग बटण दाबून धरा. सेकंदाला 20 फोटो पडतात, दहा सेकंदांत 200. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक हा कॅमेरा घेऊन दिल्लीत काम करायच्या, तेव्हा एका होल्डरमध्ये फिल्म दोनच, एक पुढून आणि एक मागून. नेहरूंचा फोटो घ्यायचा तर पुढच्या क्षणी नेहरू काय करणार हे आधी ताडावं लागे. ही ताडण्याची कटकट आता गेली. घरी येऊन 3000 फोटोंतून एक निवडायचा आणि बाकीचे 2999 सांभाळून ठेवायचे. पुसायचे नाहीत. का, ते विचारू नका. या छंदात काही गोष्टी श्रद्धेच्या आहेत.

निवडलेल्या फोटोवर लॅपटॉपवर संस्कार करावेत. पाणी मोरपिशी, आभाळ जांभळं, फ्लेमिंगो आधीच गुलाबी असतात तरी त्यांना आणखी एक हात. खालच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि पुढे 'फोटोग्राफी', पक्ष्यापेक्षा थोड्या मोठ्या अक्षरांत, कुणी चोरू नये म्हणून.

मग आषाढी वारी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडकडे जाताना दिवे घाट चढते, तिथल्या वळणाच्या वर आदल्या रात्रीच जागा धरावी. पहाटे पाहाल तर तिथे तुमच्यासारखे एवढे असतील की वारकऱ्यांना वाटावं, ही दुसरीच कुठलीतरी दिंडी. वळणाचा तो फोटो सगळ्यांकडे असतो, म्हणूनच तो आपल्याकडे नसून चालत नाही. त्यानंतर चेहरा: सुरकुत्या, पांढरी दाढी, कपाळी बुक्का, लांबच्या लेन्सनं टिपलेला, कृष्णधवल, खाली एकच शब्द, 'भक्ती'. बाबांचं नाव विचारू नका. नाव विचारलं की गाव निघतं, गाव निघालं की "आमाला एक पाठवा की" निघतं, आणि मग प्रिंट काढून पोस्टात टाकण्याचं लफडं गळ्यात येतं. पेरणी उरकून आला का, पाऊस कसा आहे, हे विचारलंत तर फोटो रंगीत ठेवावासा वाटेल. नकोच ते.

घाटात पाऊस लागला असेलच. ओला कॅमेरा तसाच बॅगेत घाला, चेन लावा आणि बॅग कपाटात चादरींच्या खाली सारा. थेट गणपतीत उघडायची. काही चिकट लोक प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून त्यात लेन्स ठेवतात, आत आर्द्रता 40 ते 50 टक्के राहते का ते एवढ्याशा मीटरवर बघतात, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करतात. आई लोणच्याच्या बरणीला जपते त्याच्या निम्म्यानंही जपलं तरी लेन्स वर्षानुवर्षं टिकते म्हणे. टिकू दे. मग आपण नवी कधी घेणार? तुमच्या बॅगेत मात्र तोवर काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी सुरेख नक्षी उमटलेली असेल. ही बुरशी काचेवरच्या लेपावर वाढते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेलाच खातं, त्यामुळे कारागिरानं पुसून दिली तरी खूण उरू शकते. वर्षभरात त्या लेन्सशी इतकी जवळीक दुसऱ्या कुणी केलेली नसते, तुम्हीसुद्धा. घरी "बुरशी लागली" असं म्हणू नका. "सिस्टिम बदलायची वेळ झाली आहे," असं म्हणा आणि पुन्हा पहिल्या तीन महिन्यांच्या आनंदाला लागा.

या आनंदात व्यत्यय एकच. रात्री साडेआठला मुलाच्या शाळेतून निरोप येतो: पासपोर्ट साइजचे चार फोटो, पांढरी पार्श्वभूमी, उद्या सकाळी. घरातले सगळे तुमच्याकडे पाहतात. डगमगू नका. चेहऱ्याला 85 एमएमच हवी आणि ती दुरुस्तीला गेली आहे, ट्यूबलाइटचा प्रकाश हिरवट पडतो, सॉफ्टबॉक्सशिवाय नाकाची सावली पडेल, हे शांतपणे समजावून सांगा. मग चप्पल घालून मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात न्या, जिथे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फोटो एकाच माणसाच्या अंगावर असतात.

पडदा म्हणून घडी पडलेली चादर, खाली डुगडुगतं स्टूल. माणूस खिळ्याला अडकवलेला कॅमेरा काढतो. पकडीचं रबर सुटलेलं, त्यावर चिकटपट्टी, पुढे कॅमेऱ्यासोबतच येणारी 18-55 ची किट लेन्स. "बाळा, हनुवटी खाली. थोडी अजून. इकडं बघ, पप्पांकडं नको." एक क्लिक. दुसरा काढत नाही. पाच मिनिटांत आठ फोटोंचा कागद हातात येतो आणि त्यावर तुमचा मुलगा अगदी तसा दिसत असतो, जसा तो गृहपाठ झाला असं सांगताना दिसतो. आठही ठिकाणी.

पैसे देताना तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारा, "बॉडी कुठली वापरता?"

त्याला आधी कळत नाही. मग तो कॅमेरा स्वतःकडे वळवतो, पट्ट्यावरची अर्धी पुसलेली अक्षरं डोळे बारीक करून वाचतो आणि म्हणतो, "निकॉन दिसतोय."