ओढा काँक्रीटचा केला की पूर थांबतो म्हणे!

आठवडाभरात एकच फॉरवर्ड चार ग्रुपवर आलाय, शेवटी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण, खाली अंगठ्यांची रांग. म्हणणं असं की रेन गार्डन (पावसाचं पाणी अडवून मुरवणारी खोलगट बाग), शोषखड्डे वगैरे परदेशी फॅड आहे, पुण्याला वाचवायचं तर ओढे सरळ करून काँक्रीट करा, पाइप मोठे टाका, विषय संपला. लिहिणारा इंजिनिअर आहे असं वर लिहिलंय. असेल बुवा. मुद्दे बघू.

"काँक्रीट केलं की पाणी झटकन निघून जातं." जातं की! कुठे जातं ते मात्र लिहिलेलं नाही. आंबील ओढा कात्रजकडून निघून अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो, वरच्या प्रत्येकानी आपलं पाणी झटकन सोडलं की खालच्याच्या दारात सगळ्यांचं पाणी एकाच वेळी येतं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा, टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. ओढ्याला पसरायला जागाच ठेवली नाही तर तो भिंतीच पाडणार, दुसरं काय करेल.

"आपला पाऊस केवढा, त्या खड्ड्यात काय मावणार?" हा मुद्दा सगळ्यांना पटतो म्हणून जरा हिशोबच करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साधारण एकरभर, ४,००० चौरस मीटरची सोसायटी घ्या, तासात ५० मिलिमीटर पडला तर २ लाख लिटर, आणि सगळीकडे स्लॅब नि काँक्रीट असेल तर जवळपास सगळंच गेटबाहेर रस्त्यावर. आता त्यातली २०० चौरस मीटर जागा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर खोल केली तर ४० हजार लिटर तिथे थांबतं. पाचवाच हिस्सा झाला, मान्य. पण चेंबर उसळतं ते दिवसभराच्या पाण्यानी नाही हो, त्या वीस-पंचवीस मिनिटांच्या लोंढ्यानी, तेवढ्या वेळात एवढं पाणी अडलं तरी खूप फरक पडतो. आता खरी ग्यानबाची मेख, जी फॉरवर्डवाल्याला माहीत नाही आणि हौशी रेन गार्डनवाल्यांनाही नसते: पहिल्या सरीतच खड्डा भरून बसला तर ऐन लोंढ्याला तो बिनकामाचा. म्हणून तळाशी बारीक पाइप ठेवून पाणी हळूहळू सोडत राहायचं, आणि अशा जागा एका सोसायटीत नाही तर चढाकडून सुरुवात करून उतारापर्यंत ठिकठिकाणी करायच्या. प्लॅनिंग म्हणतात ते हेच, कुंड्या मांडणं नव्हे.

"खाली कातळ आहे, मुरणार कुठे?" अर्धं खरं. कुठे मुरूम लागतो, कुठे काळी माती, कुठे सरळ पाषाण. आम्ही दोन ठिकाणी दोन-दोन फूट खणून बादल्यांनी पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. कंपाउंडजवळचं पाणी आमचा चहा होईपर्यंत गायब, पार्किंगमागचं दुसऱ्या दिवशी सकाळी पण तस्संच, कारण तिथे बिल्डरनी राडारोडा भरून रोलर फिरवलेला. म्हणजे पहिल्या जागी मुरवा, दुसऱ्या जागी टाकी करा. दोन दिवसांत रिकामा न होणारा खड्डा म्हणजे डासांची सोय, तिथे रेन गार्डन करूच नये.

"पेव्हर ब्लॉक आहेत की, त्यातून मुरतं." आमच्याकडचा एक उचकटून बघितला, खाली चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट! पुढे काय बोलायचं.

"चीनची स्पंज सिटी फेल गेली." स्पंज सिटी म्हणजे पावसाचं पाणी स्पंजसारखं शोषून घेणारं शहर, आणि हे झेंगझोऊ या चिनी शहराबद्दल चाललंय. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पडला. एवढ्या पावसाला ना बाग पुरते ना पाइप, मग फेल फक्त बागच कशी? कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पडल्यावर त्यांनी बोगदेही काढले आणि बागा खोलगट करून त्यात पाणी साठवायची सोयही केली, हे की ते असं भांडत नाही बसले. आणि उलटही सांगतो, २०१९ सारख्या रात्री नुसत्या रेन गार्डननी भागेल असं कुणी म्हणत असेल तर तोही थापाच मारतोय. नेहमीच्या तुंबण्याला ते खूप उपयोगी, ढगफुटीला थोडंच.

शेवटचा मुद्दा मेंटेनन्सचा, की गाळ नि प्लास्टिक साचून वर्षात सगळं बंद पडतं. हा खरा आहे, यावर वाद नाही. फक्त नाले पण दर मे महिन्यात उपसावेच लागतात, काँक्रीटचे असले तरी, तेव्हा कुणी पाइप काढून टाका म्हणत नाही!

बाकी पार्किंगमागचा खड्डा अजून भरलेलाच आहे. कुणाला बघायचा असेल तर रविवारच्या आत या, नंतर बुजवतोय.